मेणबत्तीचा डाग काढला, तरी पुन्हा का उमटतो?

मेण नखाने खरवडलं, वर कागद ठेवून इस्त्री फिरवली, कागदावर तेलकट ठसा आला, कापड लख्ख दिसलं म्हणून घडी घालून कपाटात ठेवलं. पंधरा दिवसांनी घडी उलगडावी तर त्याच जागी फिकट राखाडी गोल. कधी त्या जागेपासून चार बोटं बाजूला. पुन्हा कागद, पुन्हा इस्त्री, आणि पुढच्या धुण्यानंतर पुन्हा तोच गोल. मेणाच्या डागाबद्दल ज्यांच्याशी बोलणं होतं त्यांची तक्रार बहुतेक एकच असते: "मेण निघतं हो, पण परत येतं."

माझ्याकडे सायीच्या रंगाचा एक सुती टेबलक्लॉथ आहे, कडेला हाताने विणलेली क्रोशाची लेस असलेला. त्यावर लाल मेणबत्तीचे चार थेंब सांडले आणि पुढचे तीन-चार महिने मी त्या चार थेंबांच्या मागे होते. दर वेळी डाग जायचा, दर वेळी कुठेतरी नवा उगवायचा. त्या काळात जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण नाजूक कापडाच्या बाबतीत घाईची एक इस्त्री कायमचं नुकसान करून जाते.

मेण कापडात शिरतं कसं

मेणबत्ती जळते ती वातीच्या जोरावर. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं आणि वातीच्या सुतातल्या बारीक फटींतून आपसूक वर चढतं. याला केशाकर्षण म्हणतात. टेबलक्लॉथ, पडदा, उशीचा अभ्रा ही तरी काय, सुताचीच वीण. कापड म्हणजे पसरलेली वातच. मेण घट्ट असेपर्यंत ते धाग्यांवर बसून राहतं. वितळलं की धागे ते ओढून घेतात आणि ते सुताच्या पिळात, उभा-आडवा धागा जिथे एकमेकांवरून जातो तिथे, जाऊन बसतं.

आता इस्त्रीचं काम बघा. इस्त्री मेणाला फक्त पातळ करते. पातळ झालेलं मेण जिकडे कोरडं सापडेल तिकडे जातं. वरचा कागद कोरडा असला तर कागदात. कागद आधीच मेणाने भरला असला तर परत कापडात, आणि मग मूळ थेंबाएवढा डाग दुप्पट रुंद होतो पण फिकट दिसतो. फिकट झाला म्हणून गेल्यासारखा वाटतो. त्या चिकट जागेवर धूळ बसते, हाताचा मळ बसतो, आणि काही दिवसांनी तो राखाडी गोल होऊन वर येतो. परत आलेला डाग बहुतेक वेळा असा आपणच पसरवलेला असतो.

उष्णता किती लागते हेही एकदा नीट समजून घ्यायला हवं. साध्या मेणबत्तीतलं पॅराफिन साधारण ४६ ते ६८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतं. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना, सोयाचं मेण बहुधा ५० च्या आसपास. इस्त्रीवरचा एक ठिपका म्हणजे तळाचं तापमान जास्तीत जास्त ११० अंश, दोन ठिपके १५०, तीन ठिपके २००. म्हणजे सगळ्यांत मंद इस्त्रीसुद्धा मेणाला पुरून उरते. तरीही 'लवकर निघेल' म्हणून आपण चकती पुढे फिरवतो, आणि त्या जास्तीच्या आचेने मेण आणखी पातळ होऊन आणखी लांब पळतं, मेणातला रंगही सोबत घेऊन जातं. रेशीम पिवळं पडतं. पॉलिएस्टरवर सुरकुती पक्की होते. माझं स्पष्ट मत आहे की नाजूक कापडावर मेणासाठी एका ठिपक्याच्या पुढे जाण्याचं काहीच कारण नाही.

डाग तोच दिसतो, पण आत उरलंय काय?

पुन्हा उमटलेल्या डागावर लगेच कागद आणि इस्त्री घेऊन बसू नका. आधी तो कसला आहे ते ओळखा. रंगीत, सुवासिक मेणबत्तीच्या एका थेंबात तीन गोष्टी असतात: मेण, सुवासाचं तेल आणि रंग. तिन्ही कापडातून वेगवेगळ्या मार्गाने निघतात. मेण निघून तेल उरलं असेल तर इस्त्रीने फारसं काही साधत नाही, आणि फक्त रंग उरला असेल तर इस्त्रीने नुकसानच होतं.

कापड खिडकीसमोर उजेडात धरा. जिथे मेण किंवा तेल शिरलंय ती जागा आजूबाजूच्या कापडापेक्षा जास्त उजेड सोडते. तेच कापड टेबलावर अंथरलं की तीच जागा गडद दिसते. धाग्यांमधल्या हवेची जागा मेणाने घेतलेली असते, त्यामुळे उजेड विखुरण्याऐवजी आरपार जातो. तेल लागलेल्या कागदाचं होतं तसंच. ही परीक्षा मला सगळ्यांत खात्रीची वाटते, कारण नुसत्या डोळ्याला स्वच्छ दिसणारं कापडही उजेडासमोर धरलं की खरं काय ते सांगतं.

मग बोटांनी चाचपा. जागा ताठ लागली, चिमटीत धरून वाकवली की कुरकुरली, तर अजून मेण आहे. मऊ आहे पण उजेडासमोर पारदर्शक दिसते, तर तेल. सुती कापडावर पाण्याचा एक थेंबही ठेवून बघता येतो: स्वच्छ जागी तो झटकन शोषला जातो, मेणाच्या जागी मोत्यासारखा उभा राहतो. रेशमावर मात्र हा प्रयोग करू नका, पाण्याचाच एक वेगळा डाग पडू शकतो.

उजेड सगळीकडे सारखा येतोय, कापड मऊ आहे, पण गुलाबी किंवा निळसर छटा दिसतेय, तर उरलाय तो रंग. पिवळट-तपकिरी ठसा असून पारदर्शकपणा नसेल तर इस्त्रीने कापड भाजलंय. मखमलीवर डाग एका बाजूने दिसतो आणि वळवून पाहिलं की नाहीसा होतो, तेव्हा तिथली लव दबली आहे. आणि ती जागा आजूबाजूपेक्षा फिकी असेल तर आपणच लावलेल्या कशाने तरी कापडाचा मूळ रंग उडाला आहे. भाजलेलं, दबलेलं आणि उडालेलं, या तिन्ही ठिकाणी मेण काढण्याचा प्रयत्न चालू ठेवला की कापड हातचं जातं.

डाग जागा बदलत असेल तर

आता टेबलक्लॉथचं सांगते. पहिल्या दिवशी मी वर कागद ठेवला आणि खाली काहीच ठेवलं नाही. कापड सरळ इस्त्रीच्या टेबलावर. मेण वितळलं, थोडं कागदात गेलं आणि उरलेलं खाली टेबलाच्या जाड, मऊ कव्हरमध्ये उतरलं. कव्हरच्या आत अस्तर असतं, ते तर टीपकागदासारखंच शोषून घेतं. त्या वेळी टेबलक्लॉथ खरोखर स्वच्छ झाला होता. पण पुढच्या वेळी तो धुऊन त्याच टेबलावर इस्त्रीला घेतला की कव्हरमधलं मेण वितळायचं आणि वर चढायचं. वातीसारखंच.

हे लक्षात यायला एक पांढरा अभ्रा कारणी लागला. तो कधी मेणबत्तीच्या आसपासही गेला नव्हता. इस्त्री करून उचलला तर मधोमध तळहाताएवढी गुलाबी झाक. कव्हर काढून उजेडासमोर धरलं तर त्यात चार बोटं रुंद, मेणचट पट्टा स्पष्ट दिसला, आणि त्याच्या कडेला लालसर रेघ, ओहोटीनंतर वाळूवर उरते तशी.

तेव्हा डाग फिरता असेल तर कापड बाजूला ठेवा आणि आधी इस्त्रीची जागा तपासा. टेबलाचं कव्हर असो की घडी घालून अंथरलेली जुनी चादर, तिच्यावर कोरा शोषक कागद ठेवून इस्त्री दाबा. कागदावर तेलकट ठसा आला की चोर सापडला. कव्हर सुती आणि काढता येण्यासारखं असेल तर कागद बदलत-बदलत ते कोरडं करता येतं, मात्र आतल्या अस्तरापर्यंत मेण गेलं असेल तर ते बदलूनच टाकावं. मी बदललं. तीन महिन्यांचा त्रास त्या दिवशी संपला.

इस्त्रीचा तळही बघा. त्यावर मेणाचा पातळ थर राहतो आणि तो दिसत नाही. इस्त्री कोमट करून, प्लग काढून, घडी घातलेल्या जुन्या सुती चिंधीवर फिरवा. चिंधीवर काही येईनासं होईपर्यंत. वाफेच्या इस्त्रीत भोकांच्या कडा विसरू नका, मेण तिथे दडून बसतं.

धुण्याच्या मशीनमध्येही डाग जागा बदलतो. मेण असलेलं कापड गरम पाण्यात धुतलं तर मेण सुटतं खरं, पण पाणी निवू लागलं की ते पुन्हा गोठून कुठल्याही कपड्यावर जाऊन बसतं. थंड पाण्यात ते हलतच नाही. म्हणून मेण पूर्ण निघाल्याशिवाय कापड मशीनमध्ये घालू नये, आणि ड्रायरमध्ये तर नाहीच.

काढायचा क्रम

थेंब पडला की पुसायचा मोह होतो. पुसू नका. ओलं मेण पुसलं की ते दाबलं जातं आणि वात आपलं काम सुरू करते. त्याला आपोआप घट्ट होऊ द्या.

मग थंडी. वस्तू लहान असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून अर्धा ते एक तास फ्रीजरमध्ये ठेवा. पडद्यासारखी मोठी असेल तर बर्फाचे खडे पिशवीत घालून थेंबावर ठेवा; बर्फाचं पाणी कापडाला लागता कामा नये. पॅराफिन गारठलं की ठिसूळ होतं आणि कापडापासून सुटतं. सोयाचं मेण मऊ जातीचं, ते इतकं ठिसूळ होत नाही. ते गार असतानाच चमच्याच्या कडेने हलकेच उचलावं लागतं. जेलच्या मेणबत्तीत मुख्यतः खनिज तेल असतं. तिच्यावर थंडीचा उपयोग होत नाही, टिपून घेऊन थेट तेलाच्या उपायांकडे वळावं.

गारठलेलं कापड थेंबावर दुमडू नका. कडक मेणात अडकलेले बारीक धागे त्याच्याबरोबर मोडू शकतात. लेसवरचा थेंब मी कसा काढला ते सांगते. सुरी लावली असती तर क्रोशाचा टाका ओढला गेला असता. म्हणून लेस उलटी केली, थेंब अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरला आणि दोन्ही बोटं एकमेकांवर अगदी हळू घोळवली, पेन्सिल फिरवतो तशी. आधी बारीक 'टिक' असा आवाज आला, मग थेंबावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले, आणि लाल चुरा टाक्यांच्या भोकांमधून खालच्या कागदावर पडू लागला. बोटांच्या ऊबेने मेण पुन्हा मऊ होतं, म्हणून दहा-बारा सेकंदांनी थांबायचं, बर्फाची पिशवी टेकवायची, परत घोळवायचं. एका थेंबाला पाच-सहा मिनिटं लागली. या टप्प्यावर जितकं जास्त निघेल तितकं पुढे वितळवावं कमी लागतं. माझ्या मते सगळी कमाई इथेच आहे आणि सगळे घाई करतात तीही इथेच.

पडलेला चुरा झटकू नका. तो कापडावर दुसरीकडे जाऊन बसला की पुढची इस्त्री त्याचे नवे डाग करते. चिकटपट्टीच्या तुकड्याने अलगद उचला.

मग इस्त्री, पण मंद, कोरडी, वाफ बंद. मंद आचेवर ठेवलेली इस्त्रीही सुरुवातीला ठरल्यापेक्षा जास्त तापते, म्हणून दिवा विझल्यावर आणखी दोन मिनिटं थांबा. कापडाच्या वर आणि खाली, दोन्ही बाजूंना शोषक कागद हवा. कोरे पांढरे टिश्यू, टीपकागद किंवा खाकी कागदाची खरखरीत बाजू. छापील वर्तमानपत्राची शाई कापडाला लागते. नक्षीच्या टिश्यूचाही रंग उतरू शकतो. आणि बटर पेपर हा तर खास फसवणारा: त्याच्यात काही शोषलंच जात नाही, त्यामुळे मेण वितळून कापडातच पसरतं आणि कागद स्वच्छ पाहून आपल्याला वाटतं मेण संपलं. डाग 'दर वेळी परत' येण्याचं हेही एक कारण.

इस्त्री फिरवू नका, टेकवा. टोक डागावर चार-पाच सेकंद ठेवा आणि सरळ वर उचला. कागदावर एक पारदर्शक खिडकी उमटेल. लगेच दोन्ही कागद सरकवून कोरी जागा आणा. पुन्हा टेकवा. दर वेळी खिडकी लहान होत जाते, मग तिची नुसती कड उरते, मग काहीच नाही. मला एका थेंबाला नऊ वेळा कागद बदलावा लागला. शेवटचे दोन कागद कोरे आले तेव्हाच मी थांबले. त्यानंतर कापड पूर्ण निवू द्या आणि मगच उजेडासमोर धरा. कापड गरम असताना उरलेलं मेण पातळ असतं आणि नीट ओळखू येत नाही.

उजेडाने तेल दाखवलं आणि कापड धुण्यासारखं असलं तर कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब मिसळा, डागाच्या उलट्या बाजूने लावा, खाली पांढरं सुती फडकं ठेवून थोपटा. चोळायचं नाही. मग स्वच्छ कोमट पाण्याने साबण पूर्ण घालवा, कारण उरलेला साबणही धूळ धरतो आणि नवा गोल तयार करतो. जे धुता येत नाही त्यावर टाल्कम पावडर किंवा खडूची बारीक पूड रात्रभर ठेवून सकाळी मऊ ब्रशने काढा. पावडरीने थोडंच तेल निघतं, पण नुकसान होत नाही. कापड सावलीत वाळवा आणि दिवसाउजेडी पाहूनच पुढची इस्त्री करा.

उकळतं पाणी वरून ओतण्याचा जुना उपाय पक्क्या रंगाच्या जाड सुती आणि लिनन कापडावर चालतो. नाजूक कापडावर मी तो कधीच करणार नाही. करायचाच झाला तर ते पाणी मोरीत ओतू नका. पाइपात मेण गोठून तुंबतं. निवू द्या, मेण हलकं असल्याने वर तरंगून थर धरतं, तो उचलून कचऱ्यात टाका.

कापड पाहून बदल करावे लागतात

रेशमाला आच, पाणी आणि घासणं, तिन्हींचं वावडं. इस्त्री उलट्या बाजूने, एका ठिपक्यावर, आणि कापड व इस्त्रीच्या मध्ये कागदाखेरीज एक पातळ सुती फडकंही ठेवा. वरून पाणी शिंपडायचं नाही. कपड्यांचे जे डिटर्जंट एन्झाइमवाले असतात ते रेशीम आणि लोकर या दोन्हींना घातक, कारण दोन्हींचे धागे प्रथिनांचे असतात आणि त्यांतली काही एन्झाइम्स प्रथिनच तोडतात. लोकरीवर थंडीचा उपाय सुरेख चालतो. मात्र ओल, उष्णता आणि रगडणं एकत्र आलं की लोकर आवळते आणि जाडसर नमद्यासारखी होते; ती मग सुटत नाही.

व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, कोरडं असताना चांगलं मजबूत वाटतं, पण ओलं झालं की त्याची ताकद बरीच घटते. ओल्या व्हिस्कोसवर नखसुद्धा लावू नका. पॉलिएस्टर आणि नायलॉन तेलाला धरून ठेवतात, म्हणून अशा धाग्यांच्या ऑर्गेंझाच्या, म्हणजे पातळ आरपार कापडाच्या, पडद्यांवर मेण सहज निघतं आणि तेलाचा गोल मात्र चिवट निघतो. तिथे साबणाचा हात दोनदा-तीनदा द्यावा लागतो.

चकचकीत अस्तरांचं कापड पुष्कळदा अ‍ॅसिटेट असतं. त्यावर नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. त्यातल्या अ‍ॅसिटोनमध्ये ते कापड अक्षरशः विरघळतं, डागाच्या जागी भोक पडतं. कापड कोणतं हे ठाऊक नसेल तर रिमूव्हर घरातल्या कुठल्याच कापडाला लावू नये.

मखमलीसाठी वेगळीच पद्धत. गारठवून थेंब फोडायचा, पण लवेवर आडवं खरवडायचं नाही. लवेच्या दिशेनेच चुरा उचलायचा. मग टर्किश टॉवेल, त्यावर कागद, त्यावर मखमल उलटी, लव खाली. इस्त्री पाठीकडून नुसती टेकवायची, वजन हातातच राहू द्यायचं. कागद बदलताना मखमल ओढू नका, उचला. सगळं झाल्यावर लव बसलेली दिसली तर कापडाच्या लेबलवर वाफ चालते असं लिहिलंय का ते पाहून, पाठीकडून लांबून वाफ द्या आणि मऊ ब्रशने लव उभी करा. मखमल रेशमाची किंवा अ‍ॅसिटेटची असेल तर घरी वाफही नको.

जरीकाम आणि भरतकामावर खरवडणं टाळा, पाठीमागून काम करा. चमकदार धागा कधी-कधी प्लास्टिकच्या पट्टीचा असतो आणि तो आचेने आकसतो. आजूबाजूचं कापड नीट राहतं आणि नक्षी चुरगळते. अशा वेळी मी थंडीने निघेल तेवढंच काढते आणि थांबते.

रंग उरला असेल तर

मेणातला काही रंग तेलात विरघळणारा असतो, तो वितळलेल्या मेणाबरोबर कागदात येतो. काही रंगाची बारीक पूड असते, ती मेण निघून गेलं तरी धाग्यांवर बसून राहते. म्हणूनच दोन लाल मेणबत्त्यांचे डाग अगदी वेगळे वागतात.

रंगासाठी सर्जिकल स्पिरिट, पण आधी शिवणीच्या आतल्या बाजूला लावून दहा मिनिटं थांबा आणि पांढऱ्या फडक्याने टिपा. फडक्यावर कापडाचा रंग आला तर विषय संपला. नाही आला तर डागाखाली पांढरं फडकं ठेवून, कापसाच्या बोळ्याने कडेकडून मध्याकडे टिपत या. रंग खालच्या फडक्यात उतरतो. स्पिरिट पटकन पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी, आसपास ज्योत नाही, आणि कापड पूर्ण वाळल्याशिवाय इस्त्री नाही.

पांढऱ्या सुती कापडावरची शेवटची छटा तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडने जाऊ शकते, तीही आधी कोपऱ्यात तपासूनच. क्लोरिनचं ब्लीच रेशीम आणि लोकरीला कधीच लावू नका. त्याने पिवळेपणा येतो आणि धागा खचतो.

कधी थांबायचं

जुनं, विरलेलं रेशीम, लेबल नसलेलं कापड, जाड अस्तराचा पडदा, आठवणीतली वस्तू. यांच्यावर थंडीने चुरा काढा आणि ड्रायक्लीनला द्या. तिथली द्रावणं मेण विरघळवतात, आणि ते काम पाण्याने होत नाही. देताना 'डाग आहे' एवढंच सांगू नका. मेणाचा आहे, रंगीत होतं, सुवासिक होतं, घरी काय-काय लावलं, इस्त्री किती वेळा केली, सगळं सांगा. एकदा मी साबण लावल्याचं सांगायचं राहिलं आणि वाळलेल्या साबणाची कड कापडावर तशीच राहिली. चूक माझी होती. माहिती माझ्याकडे होती.

फिकट छटा उरली आणि कापड मऊ, मजबूत असेल तर ती राहू द्यावी असं मला मनापासून वाटतं. माझ्या लेसच्या एका फुलात अजून किंचित गुलाबी आहे. ते काढायचं तर टाके जातील.

थेंब पडूच नये म्हणून

वात पाच-सहा मिलिमीटर राहील इतकी कापून ठेवा. लांब वातीची ज्योत मोठी होते, मेण भराभर वितळतं आणि ओघळतं. पंख्याच्या किंवा खिडकीच्या वाऱ्यात मेणबत्ती एका अंगाने वितळते आणि तिथूनच वाहते. वर मेण पातळ असताना ती हलवू नका. खाली रुंद कडेची ताटली असू द्या. आणि फुंकर घालून विझवू नका. फुंकरीने मेणाचे बारीक तुषार उडतात आणि हातभर अंतरावर जाऊन बसतात. ज्योतीवर धातूची टोपी धरून विझवा.

हे तुषार टाचणीच्या डोक्याएवढे असतात, पांढऱ्या कापडावर पांढरे. ते तसेच राहून कापड इस्त्रीखाली गेलं की 'काही सांडलं नव्हतं तरी' डाग उमटतो. म्हणून टेबलक्लॉथ धुवायला टाकण्याआधी तो सपाट अंथरून त्यावरून एकदा तळहात फिरवा. डोळ्याला न दिसलेला थेंब तळहाताला लागतो, आणि तेव्हा तो नखाच्या टोकाने सहज निघतो.